पितळेची पुंगळी आणि पोलादाचा कपचा

पितळ हा आपल्या घरांतला जुना धातू. मुलीच्या जहेजमध्ये तांब्या-पितळेची भांडी मोजून दिली जात. पानदान आणि तस्त-लोटा पाहून घराची ऐपत कळे. कल्हईवाला मोहल्ल्यात भाता लावून बसला की पोरांचा घोळका त्याच्याभोवती जमे. स्टीलने हे सारे मागे टाकले, तरी जुन्या पितळेविषयी मनात एक ओलावा राहतोच. घासले की ते उजळते, हाताला जड लागते, दोन-तीन पिढ्या सहज ओलांडते. त्यामुळे कुणाच्या दिवाणखान्यात एखादी नक्षीदार पितळी फुलदाणी दिसली की आपण चटकन 'माशाअल्ला' म्हणून मोकळे होतो. ती उलटी करून तिचे बूड पाहावे, असे कुणाला सुचत नाही.

काही फुलदाण्यांचे बूड मात्र पाहण्यासारखे असते. त्यावर गोलाकार ठसे असतात: कारखान्याची आद्याक्षरे, सालाचा आकडा, तोफेचे माप. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या या मिश्रधातूला कारखान्यात 'काडतुसाचे पितळ' असेच नाव आहे. म्हणजे ती फुलदाणी एके काळी तोफगोळ्याची पुंगळी होती. वर फुले, वेली, चंद्रकोर, क्वचित एखाद्या गावाचे नाव. खाली, भिंतीकडे किंवा टेबलाकडे तोंड केलेला, तिचा खरा जन्मदाखला. 'पितळ उघडे पडणे' हा वाक्प्रचार आपण वेगळ्या अर्थाने वापरतो. इथे तो शब्दशः लागू पडतो.

युद्धात वापरलेल्या धातूपासून आठवणीची वस्तू बनवावी का, ती विकावी का, विकत घेऊन घरात ठेवावी का, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. जग जळत असताना फुलदाणीची चर्चा कसली, असेही कुणी म्हणेल. परंतु मोठ्या युद्धांविषयीची आपली मते बहुधा उसनी असतात. वर्तमानपत्राने दिलेली, जमातीने दिलेली, सरकारने दिलेली. आपल्या कपाटात काय ठेवायचे, हा निर्णय मात्र आपला स्वतःचा असतो. म्हणून आम्हांला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

या वस्तूंना इंग्रजीत 'ट्रेंच आर्ट' म्हणतात; आपण खंदक-कला म्हणू. नाव पहिल्या महायुद्धाने रूढ केले. निकोलस साँडर्स या पुरातत्त्वज्ञाने या विषयाचा मोठा अभ्यास केला आहे आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये अशा वस्तूंचा संग्रह आहे. सिगारेट-लायटर, शाईची दौत, राखदाणी, जेवणाची वर्दी देणारी घंटा, जर्मन गोळ्यांच्या फ्यूजमधल्या अॅल्युमिनियमच्या अंगठ्या आणि मुख्य म्हणजे पत्र उघडण्याच्या सुऱ्या, असा सारा संसार त्यात आहे. नाव खंदकाचे असले तरी यातले बरेच काम खंदकात झालेलेच नाही. गोळे पडत असताना पितळेवर ठोके घालत बसायला सवड कुणाला? पिछाडीच्या वर्कशॉपमध्ये, इस्पितळात, कैद्यांच्या छावणीत आणि युद्ध संपल्यावर पर्यटकांसाठी फ्रान्स-बेल्जियमच्या गावांत हे काम झाले. कैरो, दमास्कस आणि जेरुसलेमच्या कारागिरांनी तर त्याच पुंगळ्यांवर चांदी-तांब्याची तार बसवून ममलूक घाटाची नक्षी उतरवली आणि ती गोऱ्या शिपायांना विकली. बिदरीकाम पाहिलेल्या माणसाला ते हात परके वाटणार नाहीत.

ब्रिटिश फौजेत रिकामी पुंगळी ही सरकारी मालमत्ता होती. ती परत पाठवायची, पुन्हा भरायची आणि पुन्हा डागायची, असा शिरस्ता होता. किती वेळा भरली, याच्या खुणाही बुडावर मारीत. म्हणजे पुंगळी उचलून तिची फुलदाणी करणारा शिपाई कायद्याच्या भाषेत चोर होता. आम्हांला मात्र त्याच्या या चोरीत एक पुण्यही दिसते. त्याच्या हाताने एक पुंगळी तरी परत तोफेत गेली नाही. सोमच्या लढाईपूर्वी, १९१६ च्या जूनअखेरीस, आठवडाभरात सुमारे पंधरा लाख गोळे डागले गेले आणि तरीही १ जुलैला, लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. या हिशेबात एका फुलदाणीने काय फरक पडणार? काहीच नाही. पण नैतिक प्रश्न सगळे घाऊक भावाने सुटत नसतात.

आता पत्र उघडण्याच्या सुरीची गोष्ट. गोळ्याच्या तांब्याच्या पट्टीपासून केलेली अशी सुरी लाखो घरांत होती. तिच्याकडे पाहून कुणाला शिसारी आली नाही. १९४४ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना एका काँग्रेस-सदस्याने अशीच एक सुरी भेट दिली. ती जपानी सैनिकाच्या हाताच्या हाडाची होती. बातमी फुटली, गदारोळ झाला. रूझवेल्टनी ती परत केली आणि हाडाला रीतसर माती द्यावी असे सुचवले. त्याच वर्षी मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकाने एका अमेरिकन तरुणीचे छायाचित्र छापले होते. तिच्या समोरच्या टेबलावर मित्राने आघाडीवरून पाठवलेली जपानी सैनिकाची कवटी होती. खरे तर शरीराचे अवयव स्मरणचिन्हे म्हणून घेऊ नयेत, असा हुकूम अमेरिकी नौदलाच्या पॅसिफिक ताफ्याने १९४२ सालीच काढला होता.

हाडाच्या सुरीने अंगावर काटा येतो आणि धातूच्या सुरीने येत नाही, हे का? उत्तर सोपे आहे: हाड माणसाचे आहे, धातू माणसाचा नाही. मृतदेहाची विटंबना आपल्याकडेही निषिद्ध आहे; शत्रूच्या मुडद्याचीसुद्धा. पण या सोप्या उत्तरावर थांबता येत नाही. ज्या गोळ्याने हात तोडला त्या गोळ्याची सुरी चालते आणि तुटलेल्या हाताची चालत नाही, असे म्हणताना आपण कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक रेघ ओढतो आणि कारणाला निर्दोष ठरवतो. ही रेघ बरोबर आहे असे आम्हांलाही वाटते. फक्त ती ओढताना धातू नेमका कुठून आला, हे पाहिले पाहिजे. इथेच एक तांत्रिक तपशील आड येतो आणि त्याची चर्चा फारशी कुणी करीत नाही.

तोफेचा गोळा म्हणजे दोन वस्तू. मागची पितळी पुंगळी, तिच्यात दारू. पुढचा पोलादी गोळा, त्याच्या पोटात स्फोटक. बार उडाला की पोलादी गोळा मैलोगणती दूर जातो आणि पुंगळी तोफेच्या मागे, तोफ डागणाऱ्याच्या पायाशी पडते. बंदुकीच्या काडतुसाचेही तसेच. म्हणजे पितळ मारणाऱ्याजवळ राहते आणि मरणाऱ्याच्या वाट्याला पोलादाचा कपचा येतो. कपचा वेडावाकडा, धारदार असतो आणि लवकर गंजतो; त्यावर नक्षी होत नाही. पुंगळी सुबक, गोल, सोनेरी असते, कारण ती कुठे गेलेलीच नसते. जगभरच्या कपाटांत युद्धाची आठवण म्हणून ज्या फुलदाण्या उभ्या आहेत, त्या जवळजवळ सगळ्या तोफेच्या मागल्या बाजूच्या आहेत.

हे मनात ठेवून आपण सारायेव्होला जाऊ. त्या शहराविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत, १,४२५ दिवस, बोस्नियाच्या या राजधानीला सर्ब सैन्याचा वेढा होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आयोगाच्या नोंदीप्रमाणे रोज सरासरी ३२९ गोळे शहरावर पडत. २२ जुलै १९९३ या एका दिवसात ३,७७७ पडले. राष्ट्रीय ग्रंथालय ऑगस्ट १९९२ मध्ये जाळण्यात आले. २०१२ साली, वेढ्याच्या सुरुवातीला वीस वर्षे झाली तेव्हा, मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक मृतासाठी एक, मुलांसाठी लहान खुर्च्या.

या शहराच्या जुन्या बाजारपेठेचे नाव बाश्चार्शिया. त्यातली एक अरुंद गल्ली कझान्जिलुक, म्हणजे तांबटांची आळी. 'कझान' म्हणजे मोठी देग. पुण्यातली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथला ठोक्यांचा नाद ओळखीचा वाटेल आणि ज्यांच्या घरी तस्त-लोटा होता त्यांना तिथला इब्रीक ओळखता येईल. शतकानुशतके ही गल्ली कॉफीची भांडी, ताटे, इब्रीक घडवीत आली. युद्धानंतर तिथे नवा माल आला: कोरलेल्या पुंगळ्या, काडतुसांची पेने, गोळ्यांच्या किल्लीसाखळ्या. पुंगळीवर शहराचे चित्र असते, मिनार, पूल, कधी वेढ्याची वर्षे. पर्यटक ते घेतात आणि ऑस्ट्रियाला, तुर्कस्तानला, आखातात घेऊन जातात.

हे बरे की वाईट? पहिला विचार असा येतो की ज्याच्यावर गोळे पडले त्याला त्याचे काय वाटेल ते करण्याचा हक्क आहे. चार वर्षे ज्याने अन्नपाण्यासाठी रांगेत उभे राहून जीव धोक्यात घातला, त्याने उद्या गोळ्याची राखदाणी केली तर आपण कोण बोलणार? हा हक्क आम्ही मान्य करतो. तरीही वर सांगितलेला तपशील सुटत नाही. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले बाजारात जो गोळा पडला आणि ज्याने ६८ माणसे मारली, तो १२० मिलिमीटरच्या उखळी तोफेचा होता. उखळी तोफेच्या गोळ्याला पितळी पुंगळी नसतेच. त्या दिवशी बाजारात जे उरले ते पोलादाचे तुकडे आणि शेपटाचा पंखा. मग कझान्जिलुकमध्ये उभी असलेली ही चकचकीत पुंगळी कुठली? ती शहराभोवतालच्या डोंगरांवरून, वेढा घालणाऱ्यांच्या मोर्च्यांवरून आलेली असू शकते. शहर राखणाऱ्यांच्या स्वतःच्या तोफेची असू शकते. या वेढ्याशी काहीच संबंध नसलेल्या एखाद्या गोदामातलीही असू शकते. विकणारा सांगतो ते खरे मानायचे, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती असते.

कुणी म्हणेल, वस्तू कुठली का असेना, भावना खरी आहे. इथे आम्ही थोडे अडखळतो. आपल्या समाजाला बोस्नियाविषयी जी कळकळ वाटली ती अगदी खरी होती. स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले, ही गोष्ट कुणाही माणसाला शांत बसू देणार नाही. परंतु कळकळीचेही एक दुकान असते. दुसऱ्याचे दुःख आपल्या शोकेसमध्ये आणून ठेवले की आपणही थोडे पीडित झालो, असे वाटू लागते. मग शेजारच्या गल्लीत कुणावर काय गुदरले, हे पाहण्याची निकड कमी होते. पुंगळीवर कोरलेला मिनार पाहून डोळे पाणावणारा माणूस आपल्या गावच्या दंग्यात घर गमावलेल्या विधवेच्या दारात गेला नसेल, तर त्या पाणावण्याचे मोल काय? हा टोला आम्ही इतरांना लगावीत नाही; ज्यांना ज्यांना तो लागू होतो त्यांत आपण सगळेच आहोत.

त्याच शहरात आठवणीची दुसरी एक रीत आहे आणि ती आम्हांला अधिक पटते. गोळा पडून रस्त्यावर जो फुलासारखा खड्डा पडतो, त्यात जिथे माणसे मेली अशा काही ठिकाणी लाल राळ भरली आहे. त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. ते विकत घेता येत नाहीत, पिशवीत घालून नेता येत नाहीत. रस्ता नव्याने झाला की त्यांतले काही पुसलेही जातात. ते जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाखाली असतात, आणि जिथे गोळा पडला तिथेच असतात.

आता थोडे आपल्या घराजवळ येऊ. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर सहावी पुणे डिव्हिजन गेली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादची हाक दिली गेली होती आणि इकडे आपल्या मुलखातले नमाजी शिपाई तुर्की नमाजींवर बंदूक रोखून उभे होते. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ कुत-अल-अमाराचा वेढा चालला. अखेरीस उपासमारीने जेरीस येऊन सुमारे तेरा हजारांनी शस्त्रे ठेवली. त्यांतले हजारो कैदेत मेले. दुसऱ्या बाजूला इंग्रजांच्या छावण्यांत तुर्की कैदी होते आणि ते रंगीत मण्यांचे साप विणून विकत; सापाच्या अंगावर इंग्रजी अक्षरांत 'तुर्की कैदी' असे विणलेले असे आणि पुढे साल. ज्याला ती लिपी वाचता येत नव्हती असा कैदी आपली कैद त्या लिपीत विणून गिऱ्हाइकाला विकत होता.

त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले. त्यात गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची नावेही आली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि मेलेल्यांची संख्या, एवढेच. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात अशा भेदभावाची कबुली दिली. या पार्श्वभूमीवर एखाद्या शिपायाने पुंगळीवर किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने आपले नाव, गाव आणि पलटण कोरली असेल, तर तिला शोभेची वस्तू म्हणणे जिवावर येते. साम्राज्याने ज्याला आकडा केले, त्याने स्वतःचे नाव स्वतःच लिहून ठेवले. कोकणात किंवा साताऱ्या-सांगलीकडे कुणाच्या माळ्यावर असे काही पडले असेल, तर ते भंगारात घालण्याआधी नीट वाचावे, एवढी विनंती.

लढाईतून वस्तू उचलून आणण्याविषयी आपल्या परंपरेत कडक विचार आहे. माल-ए-गनीमत वाटून घेण्याची रीत होती, हे सर्वांना ठाऊक असते. पण वाटणीआधी त्यातून चोरून काही घेणे, म्हणजे गुलूल, हा मोठा गुन्हा मानला गेला, हे सहसा कुणी सांगत नाही. खैबरच्या मोहिमेनंतरचा एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे. एक माणूस बाण लागून मेला. लोक त्याला शहीद म्हणून धन्य मानू लागले. पैगंबरांनी (स.) त्यांना थांबवले आणि त्याने वाटणीआधी उचललेली एक चादर आता त्याच्यावर आग होऊन जळते आहे, असे सांगितले. चादरीची किंमत ती काय असणार? ते ऐकून एकाने बुटाचा बंद आणून परत केला. आम्ही यातून आजच्या पुंगळीविषयी फतवा काढू इच्छित नाही. ते आमचे काम नव्हे. पण रणांगणावर पडलेली वस्तू दिसली की ती आपली झाली, ही आजच्या पर्यटकाची समजूत त्या प्रसंगापुढे टिकत नाही.

आणि राजांनी, सरकारांनी हेच केले तर? व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक १८५६ साली सुरू झाले. क्रिमियन युद्धात सेबास्तोपोलला जिंकलेल्या रशियन तोफांच्या ब्राँझपासून ते घडवतात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा ज्या तोफांचा धातू वापरात होता त्या चिनी बनावटीच्या निघाल्या. म्हणजे रशियाच्या पराभवाचे म्हणून जे मिरवले ते चीनच्या पराभवाचे असू शकते. हे पदक मिळवणारे पहिले हिंदी सैनिक खुदादाद खान. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये होलेबेके इथे, साथीदार मारले गेल्यावरही त्यांनी मशीनगन चालू ठेवली. आपल्या माणगाव भागातले यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीत मरणोत्तर मिळाले. त्यांच्या शौर्याविषयी आम्हांला शंका नाही. पण छातीवरचा तो तुकडाही एक प्रकारे खंदक-कलाच आहे. फरक इतकाच की ती सरकारने घडवली.

आपल्या सुलतानांची गोष्ट निराळी नव्हती. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. तिच्या तोंडावर सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. विजापूरकरांनी ती पुढे विजयचिन्ह म्हणून आणून उभी केली. एका मुसलमान सुलतानाची तोफ दुसऱ्याच्या बुरुजावर. लाहोरची झमझमा तोफ तर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांविरुद्ध होती. अहमदशाह अब्दालीसाठी ती ओतताना लाहोरच्या घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी वसूल केली, असे तिच्याविषयी सांगितले जाते. ही वसुली हिंदू घरांवर जिझिया म्हणून बसवली होती, असेही म्हटले जाते. चुलीवरच्या पातेल्याची तोफ करण्याचे हे काम खंदक-कलेच्या नेमके उलट दिशेचे. कझान्जिलुकच्या तांबटाबद्दल गहिवरणाऱ्या माणसाने झमझमाच्या पोटात गेलेल्या पातेल्यांचाही विचार करावा, असे आम्हांला वाटते. ती पातेली ज्या बायकांच्या हातून नेली, त्यांच्या चुली कुठल्या धर्माच्या होत्या यावर आपला गहिवर ठरणार असेल, तर वसईच्या स्वारीत पोर्तुगीजांच्या चर्चमधून १७३९ साली आणलेल्या आणि आज देवळांत टांगलेल्या घंटांविषयी आपण काही बोलू नये.

कुरआनात लोखंडाच्या नावाची एक सूरह आहे. लोखंडात जबर ताकद आहे आणि लोकांसाठी फायदेही आहेत, या दोन्ही गोष्टींचा तिथे एका दमात उल्लेख आहे. दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातात लोखंड मऊ होत असे, तेही त्याच ग्रंथात आहे. त्या मऊ लोखंडाचे त्यांनी काय केले, हे विसरता कामा नये. त्यांनी चिलखते विणली. म्हणजे अंग झाकणारी वस्तू. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत तलवारींचे नांगर करण्याचे स्वप्न आहे. त्याच स्वप्नाला धरून मोझांबिकमध्ये बिशप दिनीश सेंगुलाने यांनी १९९५ साली एक मोहीम सुरू केली: बंदूक आणून द्या, कुदळ, शिवणयंत्र किंवा सायकल घेऊन जा. गोळा झालेल्या बंदुका कापून कलाकारांनी शिल्पे केली. केस्टर या कलाकाराने २००१ साली केलेली बंदुकांची खुर्ची आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातली एकही बंदूक मोझांबिकमध्ये बनलेली नव्हती. सगळी बाहेरून आलेली. ही वस्तू आम्हांला पटते, कारण ती कापताना आधी एक बंदूक खरोखर कमी झाली आणि कुणाच्या तरी शेतात एक कुदळ वाढली.

पॅलेस्टाइनमधल्या बिलइन गावात बासिम अबू रहमा हा तरुण १७ एप्रिल २००९ रोजी निदर्शनात मारला गेला. इस्रायली सैनिकाने झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे त्याच्या छातीवर लागले होते. २०१३ साली गावकऱ्यांनी गोळा केलेल्या रिकाम्या नळकांड्यांत माती भरून रोपे लावली आणि त्याची आई त्यांना पाणी घालत असे. ही नळकांडी आपल्या मूळच्या हिशेबात बसत नाहीत. ती मारणाऱ्याच्या पायाशी पडलेली नव्हती. ती गावात येऊन पडली होती. म्हणून त्यांची फुलदाणी झाली तरी तिच्याकडे कौतुकाने पाहणे आम्हांला जड जाते. तिथे नक्षीला जागाच नाही.

गंजलेल्या, येऊन पडलेल्या धातूचा खरा व्यवहार गरिबांच्या हाती असतो. बेल्जियममध्ये पहिल्या महायुद्धाचे गोळे अजून नांगराला लागतात. मार्च २०१४ मध्ये ईप्रला अशाच एका गोळ्याने दोन कामगार मारले. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहाजण मेले. त्यांत रोजाने आलेले मजूर होते. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, जवळच्या लष्करी सरावक्षेत्रात भंगार वेचताना माणसे दगावली आहेत. किलोच्या भावाने विकला जाणारा तो तुकडा कुठल्या शोकेसमध्ये जात नाही. भंगाराच्या धंद्यात आपल्या समाजाची किती माणसे आहेत, हे वाचकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

या बाबतीत लाओसची गोष्ट सर्वांत मोठी. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधून सुमारे सत्तावीस कोटी लहान गोळे विखुरले आणि त्यांतले अंदाजे आठ कोटी न फुटता जमिनीत राहिले. युद्ध संपल्यानंतर वीस हजारांवर माणसे त्यांनी मेली किंवा जायबंदी झाली. शेत नांगरताना, चूल पेटवताना, चेंडू समजून उचलताना, आणि भंगार गोळा करताना. अशा बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ साली झाला आणि २०१० पासून लागू झाला. अमेरिकेने त्यावर सही केलेली नाही. आपल्या देशानेही केलेली नाही.

लाओसच्या शिएंग खुआंग प्रांतात नाफिया नावाचे एक गाव आहे. तिथली काही कुटुंबे सत्तरच्या दशकापासून युद्धातले अॅल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. लाकूड आणि राखेच्या साच्यात पातळ धातू ओतायचा, क्षणभर थांबायचे, साचा उघडायचा, चमचा बाहेर. अलीकडे पर्यटकांसाठी बांगड्याही करतात आणि त्या परदेशात 'बॉम्बपासून शांतता' अशा जाहिरातीने विकल्या जातात. बांगडी घेणाऱ्याने विचारावे असे प्रश्न सरळ आहेत: धातू कुणी वेचला, तो निकामी आहे की नाही हे कुणी तपासले, आणि दिलेल्या पैशातले किती वेचणाऱ्याच्या आणि ओतणाऱ्याच्या हाती पडले? विकणाऱ्याला उत्तर देता येत नसेल तर बांगडी खाली ठेवावी. चमच्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. ते पर्यटक घेतात तसे आजूबाजूच्या बाजारातले खानावळवालेही घेतात. नूडल्सच्या वाडग्यात ते गिऱ्हाइकापुढे येतात, खाऊन झाले की धुऊन परत डब्यात जातात. त्यांच्यावर काही कोरलेले नसते.